माफीची बाकी

२० सप्टेंबर २०१९ या दिवशी वस्तू व सेवा कर परिषदेच्या बैठकीसाठी गोव्यात गेलेल्या केंद्रीय अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी, बैठकीस आरंभ होण्यापूर्वीच, एका वटहुकुमाची वार्ता पत्रकारांना सांगितली. मोठ्या कंपन्यांच्या नफ्यावरील कराचा मूळ दर ३० टक्क्यांवरून २२ टक्क्यांवर यावा, १ ऑक्टोबरपासून पुढे स्थापन होणाऱ्या नव्या उत्पादक कंपन्यांना तो अवघा १५ टक्के असावा, आणि या औदार्यापायी सरकारी खजिन्याने वर्षाकाठी सुमारे १ लाख ४५ हजार कोटी रुपयांवर पाणी सोडावे, असा त्या वटहुकुमाचा आशय होता. मुंबईच्या शेअर बाजाराचा निर्देशांक त्या एका दिवसात १९०० अंशांहून अधिक उसळला. या सवलतीने उद्योग वाढले की केवळ नफे वाढले, हा वाद तेव्हापासून आजतागायत चालू आहे.

या वादाचा जो भाग आकड्यांनी मिटण्याजोगा आहे तो अर्थशास्त्रज्ञांनी मिटवावा, आणि तो मिटत नाही यातच त्यांचा चरितार्थ आहे असे म्हणण्याचा मोह आवरून मी एवढेच म्हणतो की, त्या आकड्यांच्या तळाशी एक निराळा प्रश्न दबून पडला आहे, जो धर्माचा आहे: जे द्रव्य कोणा एकाचे नाही ते सोडून देण्याचा अधिकार कोणाला पोहोचतो, आणि उद्याच्या फळाची आशा हे आजच्या त्यागाचे पुरेसे कारण होऊ शकते काय? सोलापुरात बसून लिहिणाऱ्याला हा प्रश्न परका वाटण्याचे कारण नाही. या जिल्ह्यातल्या ज्या मंगळवेढ्यात बसवेश्वरांनी कलचुरी राजा बिज्जलाच्या दप्तरात कारकुनी केली, जिथे पुढे तीन शतकांनी दामाजीपंतांनी बादशाही धान्यकोठारे रयतेला मोकळी केली, आणि ज्या गावाच्या कोसळत्या कुसवाखाली चोखोबा गाडले गेले, त्या मंगळवेढ्याला राजाचा पैसा आणि रयतेचे पोट यांच्यातली तेढ आठ शतके ठाऊक आहे. बसवेश्वर पुढे कल्याणास बिज्जलाचे भांडारी झाले, तेव्हा खजिन्यातला पैसा ते जंगमांवर उधळतात अशी कागाळी राजाच्या कानी गेली, आणि झडती घेतली तो पै-पैचा मेळ बसला, अशी परंपरेची साक्ष आहे. संताच्या चरित्रात हिशेबतपासणीचा प्रसंग यावा, आणि त्या तपासणीला संताचा विरोध असल्याचे कोणी सांगू नये, ही गोष्ट मला मोठी अर्थपूर्ण वाटते.

प्रथम करसवलतीच्या कैवाऱ्यांची बाजू नीट ऐकली पाहिजे. ती वरवर दिसते तितकी स्वार्थी नाही आणि नवी तर मुळीच नाही. महाभारताच्या शांतिपर्वात भीष्म युधिष्ठिराला सांगतात की, राजाने करवसुलीत माळ्याची वृत्ती धरावी, झाड जाळून कोळसा करणाऱ्याची धरू नये. कौटिल्य नव्या वसाहतीला काही काळ करमुक्ती देण्याची तरतूद करतो. मराठी मुलखात तर हा विचार नित्याच्या कारभारात मुरलेला होता. पडीक जमीन लागवडीस आणणाऱ्या कुळास सरकार कौल देई. त्यात पहिल्या सालांचा सारा नाममात्र असे, मग तो ठरल्या पायऱ्यांनी सालोसाल चढत जाई आणि अखेरीस पुऱ्या आकारास पोहोचे. या चढत्या वसुलीस इस्तावा म्हणत. नवी पेठ वसवायची झाली, तर येणाऱ्या उदम्यांना काही वर्षे जकात माफ होई. रामचंद्रपंत अमात्यांनी अठराव्या शतकाच्या आरंभी लिहिलेल्या आज्ञापत्रात साहुकारांवर एक स्वतंत्र प्रकरण आहे, आणि व्यापारी हे राज्याचे भूषण असून त्यांची दरखास्त आदराने ऐकावी, त्यांना कोणाकडून उपसर्ग पोहोचू देऊ नये, असा त्याचा रोख आहे. तेव्हा सवलत देऊन संपत्ती वाढवावी ही कल्पना कोणी सातासमुद्रापलीकडून आणली, असे म्हणणे अज्ञानाचे होईल.

करच अन्यायाचा असतो, अशीही उदाहरणे आहेत, आणि त्यांतले एक सोलापूरच्या दारातले आहे. १८७७ च्या सुमारास इथे सूतगिरणीचे भोंगे वाजू लागले. ज्या गिरणीला सोलापूरकर आजही 'जुनी मिल' म्हणतात ती सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी त्यांतली आद्य. लँकेशायरच्या गिरणीवाल्यांचे मन राखण्यासाठी इंग्रज सरकारने १८९६ साली हिंदी गिरण्यांच्या कापडावर साडेतीन टक्के अबकारी कर बसवला, आणि तो जवळजवळ तीस वर्षे, १९२५ च्या डिसेंबरपर्यंत, वसूल होत राहिला. रानडे-गोखल्यांच्या पिढीने या कराला केलेला विरोध कोणा भांडवलदाराची तरफदारी म्हणून केला नव्हता. कर घेणारा आणि ज्याच्या हितासाठी कर घेतला जातो तो, या दोघांचाही कर देणाऱ्याशी काडीचा धर्मसंबंध नव्हता, हे त्या विरोधाचे मूळ होते. म्हणून 'कर कमी करणे म्हणजे श्रीमंतांना दान' असे सरसकट सूत्र मांडणाऱ्यांच्या पंगतीत मला बसता येत नाही.

पण ज्या आज्ञापत्रात साहुकारांचा गौरव आहे त्याच आज्ञापत्रात वतने आणि इनामे यांविषयी कडक इशारा आहे. वतनदार हे राज्याचे लहानसे दायादच होत, आणि जो राजा चाकरीच्या मोबदल्यात जमिनी इनाम देत सुटतो त्याचे राज्यच दिवसेंदिवस उणे होत जाते, हा अमात्यांच्या अनुभवाचा निष्कर्ष होता. कौलाला मुदत असते, चढ असतो, आणि जमीन पडीकच राहिली तर तो रद्द होतो. इनाम मात्र वंशपरंपरेचे असते, आणि ज्या कामगिरीसाठी ते मिळाले ती कामगिरी विस्मृतीत गेल्यावरही सारामाफी उरते. १८५२ च्या कायद्यान्वये मुंबई इलाख्यात इनाम कमिशनने सनदांची छाननी आरंभली, तेव्हा ही माफी गावोगाव किती खोल रुजली होती ते दिसून आले, आणि ती उपटताना किती आक्रोश झाला तेही. २०१९ च्या वटहुकुमाकडे या दृष्टीने पाहिले तर त्याची दोन अंगे निरनिराळी दिसतात. नव्या उत्पादक कंपन्यांचा १५ टक्क्यांचा दर हा कौलाच्या जातीचा होता: कंपनी नवी हवी, उत्पादन ठरलेल्या तारखेच्या आत सुरू झाले पाहिजे, अशा त्याच्या अटी होत्या. २२ टक्क्यांच्या दराला जुन्या सवलती सोडाव्यात एवढी एक अट होती, पण एक नवा माग उभारावा, एक नवा माणूस कामावर घ्यावा, असे त्यात कुठेही नव्हते. पहिला कौल होता, दुसरे इनाम.

पुढे काय झाले? कंपनीकराची वसुली २०१८-१९ साली सुमारे ६ लाख ६४ हजार कोटी होती, ती २०१९-२० मध्ये ५ लाख ५७ हजार कोटींवर आली. मग करोनाची साथ आली आणि सगळीच गणिते विस्कटली, म्हणून त्या एका घसरणीवरून निर्णय देणे अन्यायाचे होईल. वसुली नंतर सावरली आणि जुन्या आकड्याच्या पुष्कळ पुढेही गेली, हेही सांगितलेच पाहिजे. परंतु सरकारच्याच २०२३-२४ च्या आर्थिक पाहणीत असे नमूद आहे की, २०१९-२० ते २०२२-२३ या काळात तेहतीस हजारांहून अधिक कंपन्यांचा करपूर्व नफा जवळपास चौपट झाला, आणि नोकरभरती व वेतन यांची वाढ मात्र त्याच्या पाठोपाठ चालू शकली नाही. त्याआधी, सप्टेंबर २०२२ मध्ये, अर्थमंत्र्यांनी दिल्लीत उद्योगपतींपुढे बोलताना, सवलती दिल्या तरी आपण गुंतवणुकीला का कचरता, स्वतःच्या सामर्थ्यावर विश्वास नसलेल्या हनुमंतासारखी आपली अवस्था झाली आहे काय, अशा अर्थाचा प्रश्न विचारला होता. उपमा सुंदर आहे, पण ती पुरती ओढली तर अडचणीची होते. जांबवंताने हनुमंताला त्याच्या बळाची आठवण करून दिली, ती केवळ शब्दांनी. उड्डाणापूर्वी त्याच्या हाती किष्किंधेच्या खजिन्याची किल्ली दिल्याचे कोणत्याही रामायणात माझ्या वाचनात नाही.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. सवलतीने वृद्धी होते असे म्हणणाऱ्याला एका विचित्र सेतूची गरज लागते. त्याग आज होतो, फळ पुष्कळ वर्षांनी मिळायचे असते, आणि मध्ये काही दिसत नाही. आपल्या पूर्वमीमांसकांना हीच अडचण यज्ञाच्या बाबतीत पडली होती: आहुती क्षणात भस्म होते, स्वर्ग मृत्यूनंतरचा, मग नष्ट झालेल्या कर्मापासून फळ यावे कसे? त्यांनी 'अपूर्व' नावाची एक अदृष्ट शक्ती कल्पिली, जी कर्म संपल्यावरही टिकून राहते आणि यथाकाल फळ देते. आजच्या अर्थशास्त्रातील 'गुंतवणूकदारांचा विश्वास' ही वस्तू या अपूर्वाचे सख्खे भावंड आहे. ती दिसत नाही, मोजता येत नाही, पण तिच्यावाचून सिद्धांत उभा राहत नाही. मी हे उपहासाने म्हणत नाही. जगातले पुष्कळसे सत्कर्म अदृष्टावरील श्रद्धेनेच होते, आणि ज्याने मुलांच्या शिक्षणासाठी शेत गहाण टाकले त्या बापाजवळही यापेक्षा बळकट प्रमाण नव्हते.

मात्र मीमांसकांनी त्या श्रद्धेला दोन कुंपणे घातली होती. यज्ञ म्हणजे देवतेला उद्देशून स्वतःच्या द्रव्यावरचे स्वामित्व सोडणे; आणि त्याचे फळ तो करणाऱ्या यजमानाला. द्रव्य एकाचे आणि फळ दुसऱ्याचे, असा व्यवहार त्यांच्या शास्त्रात बसत नाही. याहून महत्त्वाची चर्चा त्यांनी विश्वजित् यागाच्या निमित्ताने केली आहे. या यागात यजमानाने आपले सर्वस्व दान करायचे असते. मग सार्वभौम राजा हा याग करील तर त्याने सारी पृथ्वी दान करावी काय, अशी शंका निघाली. जैमिनींचे उत्तर असे की, भूमी देता येत नाही, कारण ती सर्वांना सारखीच आहे. राजाला तिचे रक्षण करण्याचा आणि त्याबद्दल अंश घेण्याचा अधिकार आहे, धनीपणा नाही. सतराव्या शतकात काशीत बसून 'व्यवहारमयूख' लिहिणाऱ्या नीलकंठ भट्टांनी (यांचे घराणे मूळचे पैठणचे) हाच धागा धरून, जिंकलेल्या मुलखातही राजाला केवळ करग्रहणाचा हक्क प्राप्त होतो, असे प्रतिपादन केले. ज्या ग्रंथाच्या आधारे मुंबई इलाख्याच्या न्यायालयांनी पिढ्यान्‌पिढ्या वारसाहक्कांचे निवाडे केले आणि ज्याची चिकित्सक आवृत्ती महामहोपाध्याय काण्यांनी सिद्ध केली, त्या ग्रंथातले हे वाक्य वारसांच्या भांडणात कोणाला उपयोगी पडले नाही, म्हणून ते पुस्तकातच राहिले. जो राजा धनी नाही, केवळ वसूल करणारा आणि राखणारा आहे, त्याने वसूल सोडून देणे याला दान म्हणताच येणार नाही; ते फार तर राखणदाराने दार उघडे ठेवणे होय. क्वचित दार उघडे ठेवावेही लागते. पण का ठेवले याचा जाब त्याला द्यावा लागतो.

देहूच्या तुकोबांच्या चरित्रात हीच मर्यादा किती सहजपणे पाळलेली आहे! वडिलार्जित सावकारीची कर्जखते इंद्रायणीत बुडवायला ते निघाले, तेव्हा त्यांनी खतांचे दोन वाटे केले, धाकटा भाऊ कान्होबा याचा वाटा त्याच्या स्वाधीन केला, आणि आपल्या वाट्याचीच खते बुडवली. माफी द्यायची ती आपल्या हिश्शाची. आपल्या राज्यव्यवस्थेत कंपनीकर हे केंद्राचे एकट्याचे द्रव्य नाही; चौदाव्या वित्त आयोगाच्या निवाड्याप्रमाणे विभाज्य करांतील ४२ टक्के वाटा त्या काळी राज्यांचा होता. वटहुकूम जाहीर झाला त्या दिवशी राज्यांचे अर्थमंत्री गोव्यातच जमलेले होते, ते दुसऱ्या एका कराच्या विचारासाठी. कान्होबाची खतेही त्या दिवशी पाण्यात गेली, आणि कान्होबा नदीकाठीच उभा होता.

आणि तरीही, जे आपले नाही ते वाटून टाकणाऱ्या एका अंमलदाराला महाराष्ट्राने संत मानले आहे. दामाजीपंतांची कथा महिपतींनी १७६२ साली पूर्ण केलेल्या 'भक्तविजया'त सांगितली आहे आणि कीर्तनकारांनी ती घरोघर पोहोचवली आहे, इतकी की तिच्यातला कारभाराचा तपशील ऐकू येईनासा झाला आहे. दामाजी हे बेदरच्या बादशाहाचे मंगळवेढ्याचे अंमलदार. दुष्काळ पडला, माणसे अन्नान्न करीत मरू लागली, सरकारी कोठारांत धान्य होते. दामाजींनी कोठारे उघडली. हाताखालच्या कारकुनाने बेदरला कागद धाडला, आणि दामाजींना धरून आणण्याचा हुकूम सुटला. ते वाटेत पंढरपुरी थांबले असताना तिकडे बेदरच्या दरबारी एक विठू महार आला, धान्याची संपूर्ण किंमत त्याने मोजून दिली, आणि खजिन्याची पावती घेऊन तो निघून गेला. ती पावती दामाजींना पुढे आपल्या पोथीत सापडली.

या कथेकडे करमाफीची कथा म्हणून पाहिले तर ज्या गोष्टी तिच्यात नाहीत त्याच प्रथम लक्ष वेधून घेतात. दामाजींच्या तोंडी वृद्धीचा युक्तिवाद नाही. तो त्यांना उपलब्ध होता, आणि आजच्या कोणत्याही वित्तसचिवाच्या युक्तिवादापेक्षा भक्कम होता: मेलेली रयत सारा देत नाही, जगलेली पुढच्या सालची पेरणी करते, तेव्हा हे धान्य म्हणजे बादशाहाच्याच महसुलाची तरतूद होय, असे ते सहज म्हणू शकले असते. कुठल्याही कीर्तनकाराला हे वाक्य त्यांच्या मुखात घालावेसे वाटले नाही. भुकेल्याला अन्न देण्यास त्याच्या भावी साऱ्याचे कारण द्यावे लागले, तर ज्याच्याकडून सारा मिळण्याची आशा नाही त्या म्हातारीला कोठाराच्या दारातून परत पाठवावे लागेल, हे त्या परंपरेला न सांगता कळत होते. दुसरे असे की, बादशाह इथे खलपुरुष नाही. त्याचा दावा खोटा ठरवला जात नाही. धान्य त्याचे होते, ते परवानगीवाचून गेले, आणि त्याची भरपाई झाली पाहिजे, हे देवालाही मान्य आहे. पांडुरंग चमत्कार करून कोठारे पुन्हा भरू शकला असता. भाविक कथांत असे चमत्कार अपार आहेत. इथे तो रोकड मोजतो आणि पावती मागतो. म्हणजे माफीने बाकी नाहीशी होत नाही, ती कोणाच्या तरी नावे वळते, आणि ती ज्याच्या नावे वळली त्याने ती फेडल्यावाचून जमाखर्च मिटत नाही, एवढा कारभारी काटेकोरपणा या भक्तिकथेने जपला आहे.

आणि ती बाकी फेडायला देव आला तो कोणत्या वेषात? राजाच्या नव्हे, सावकाराच्या नव्हे. गावगाड्यात ज्याच्याजवळ सर्वांत कमी होते त्याचा वेष त्याने घेतला. कथाकारांनी हे देवाच्या लीनतेचे चिन्ह म्हणून सांगितले असेल. मला त्यात महसुलाचे एक कठोर सत्य दिसते. वरच्याला सोडलेली रक्कम शेवटी खालच्याच्या खांद्यावर उतरते. चोखोबा याच मंगळवेढ्याचे, आणि ते गेले ते वेठीने गावकुसाचे बांधकाम करीत असता. वेठ हाही करच. ज्याच्याजवळ देण्यास द्रव्य नाही त्याच्याकडून तो देहाने वसूल केला जाई. महार वतनाच्या जमिनीला साऱ्याची सवलत होती, आणि त्या सवलतीच्या मोबदल्यात रात्रंदिवस हुकमाची ताबेदारी होती, डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात त्या वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचे विधेयक आणले ते यासाठी. खालच्याला दिलेल्या माफीला अटींची अशी साखळी, आणि वरच्याला दिलेल्या माफीला 'विश्वासाचे वातावरण' एवढेच कारण पुरेसे, ही रीत जुनी आहे.

आज ती बाकी कोण भरतो? सोलापुरात हजारो स्त्रिया विड्या वळून संसार चालवतात. त्यांच्यापैकी बहुतेकींना प्राप्तिकराचा कागद आयुष्यात भरावा लागत नाही, आणि म्हणून त्या 'करदात्या' नव्हेत असे मानण्याची आपल्या सुशिक्षितांत पद्धत आहे. परंतु साबणाच्या वडीपासून चपलेपर्यंत त्या जे जे घेतात त्यात कर आहे, आणि तो कंपनीच्या अध्यक्षाला जितका तितकाच त्यांना आहे. २०१९ च्या वटहुकुमानंतर आठ महिन्यांच्या आत, मे २०२० मध्ये, साथीच्या ऐन धामधुमीत, पेट्रोलवरील केंद्रीय कर लिटरमागे १० रुपयांनी आणि डिझेलवरील १३ रुपयांनी वाढला. एक गोष्ट दुसरीचे कारण होती असे मी म्हणत नाही. साथीत सरकारला पैसा हवा होता हे उघड आहे. पण खजिन्याच्या वहीत या नोंदी फार दूर नाहीत, आणि डिझेलवरचा कर भाजीच्या भावातून कोणत्या वेषात कोणाच्या दारी जातो हे समजायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही.

कंपनी नावाच्या व्यक्तीविषयीही इथेच बोलले पाहिजे, कारण तिचे व्यक्तित्व सोलापूरच्या गिरणीच्या निमित्ताने थेट सर्वोच्च न्यायालयात गाजले आहे. ऑगस्ट १९४९ मध्ये चालकांनी जुनी मिल बंद केली आणि हजारो कामगार रस्त्यावर आले. जानेवारी १९५० मध्ये केंद्र सरकारने वटहुकूम काढून, आणि नंतर कायदा करून, गिरणीचा कारभार आपल्या हाती घेतला. एका भागधारकाने त्याला दिलेले आव्हान १९५० च्या डिसेंबरात फेटाळले गेले. मग सरकारी संचालकांनी भागांची न भरलेली रक्कम मागितली तेव्हा दुसरा भागधारक उठला, आणि द्वारकादास श्रीनिवास विरुद्ध सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी या खटल्यात डिसेंबर १९५३ मध्ये न्यायालयाने तो कायदा अवैध ठरवला, कारण मोबदल्यावाचून मालमत्ता हिरावली गेली होती. १९५५ च्या चौथ्या घटनादुरुस्तीमागे जे निकाल होते त्यांत हा एक. त्यातल्या कायद्याच्या बारकाव्यांत शिरण्याचे इथे प्रयोजन नाही. कंपनी बुडाली की तिचे कामगार, तिच्यावर जगणारी चाळ, तिच्या अवतीभोवतीची पेठ, यांचा भार समाजाने उचलायचा असतो, एवढे मात्र त्या प्रकरणाने दाखवले. पुढे लक्ष्मी-विष्णू आणि नरसिंग गिरजी या गिरण्याही थंडावल्या तेव्हा सोलापूरने तो भार पुन्हा उचलला. तोट्यात जो भागीदार आहे त्याचा नफ्यातला अंश ही भीक नव्हे, आणि म्हणून तो सोडून देणे हे औदार्यही नव्हे.

आपल्या कायद्यात देवाची मूर्तीही कंपनीप्रमाणेच व्यक्ती आहे. तिला मालमत्ता धारण करता येते, तिच्या वतीने दावा लावता येतो, आणि १९६९ साली सर्वोच्च न्यायालयाने योगेंद्रनाथ नस्कर यांच्या खटल्यात असाही निर्णय दिला की, देवता प्राप्तिकरास पात्र आहे. धर्मादाय न्यासांना करमाफी मिळते ती अटीवर: उत्पन्नातला ८५ टक्के भाग त्या धर्मादाय हेतूवरच खर्च झाला पाहिजे, हिशेब तपासून घेतले पाहिजेत. देवाच्या नावाने चाललेल्या कारभारावर आपण इतका अविश्वास दाखवतो, आणि तो योग्यच आहे. मग देवापेक्षा अधिक विश्वासास पात्र अशी कोणती व्यक्ती बोरीबंदरापासून नरिमन पॉइंटपर्यंत राहते, की जिला आठ टक्के सोडून देताना ते कशावर खर्चावेत याची एक अटही घालावी लागू नये? (शिवाय २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करण्यास बांधले आहे. सक्तीचा कर कमी करायचा आणि दानाची सक्ती करायची, या क्रमाचे मर्म मला अद्याप उमगलेले नाही.)

या सवलतीचा सोलापूरला प्रत्यक्ष लाभ किती, असे विचाराल तर उत्तर फार लांबवावे लागत नाही. ज्या चादरींनी आणि टॉवेलांनी या शहराचे नाव दूरवर नेले त्या काढणारे अक्कलकोट रस्त्यावरचे कारखाने बहुतांशी घरचे धंदे आहेत, भागीदारीतले किंवा एकट्याच्या मालकीचे. भागीदारी पेढीचा कर तेव्हाही ३० टक्के होता, आजही ३० टक्केच आहे. बापलेकांनी मिळून चार यंत्रमाग चालवणाऱ्या पद्मशाली कुटुंबाने 'कंपनी' हे रूप धारण केले नाही, एवढाच त्यांचा अपराध. वृद्धी रोजगारासाठी हवी असेल, तर रोजगार कुठे आहे ते पाहून माफीचा हात वळायला हवा होता.

एक आक्षेप उरतो, आणि तो या गावाला विशेष टोचणारा आहे. सोलापूर सीमेवर बसले आहे. कलबुर्गी आणि हैदराबाद इथून फार दूर नाहीत. आम्ही सूट दिली नाही तर शेजारी देतील आणि कारखाना तिकडे जाईल, हे इथल्या व्यापाऱ्याचे म्हणणे खोटे नाही. मुंबई-ठाण्याबाहेर उद्योग जावेत म्हणून महाराष्ट्राने १९६४ पासून सामूहिक प्रोत्साहन योजना चालवली ती अशाच विचाराने, आणि मागास तालुक्यासाठी ती योग्यही होती. जगातल्या राष्ट्रांनासुद्धा या चढाओढीचा वीट आला, म्हणून २०२१ साली १३६ देशांनी बड्या बहुराष्ट्रीय कंपन्यांवर किमान १५ टक्के कर असावा असे मान्य केले. भारतातल्या राज्या-राज्यांत मात्र तसा कोणताही करार नाही, आणि वीजदर, मुद्रांक शुल्क, कराचा परतावा यांचा लिलाव चालूच आहे. शेजारी देतो म्हणून देणे हे व्यवहारात समजण्याजोगे आहे, पण त्याने देणाऱ्याचा जाब चुकत नाही. द्यायचेच असेल तर ते इनामासारखे न देता कौलासारखे द्यावे: मुदत ठरवून, सालोसाल चढत्या आकाराने, आणि जमीन पडीक राहिली तर रद्द होईल असे. केंद्राच्या अर्थसंकल्पाबरोबर २००६-०७ पासून करसवलतींमुळे बुडालेल्या महसुलाचा एक तक्ता छापला जातो, ही चांगली गोष्ट आहे. त्यात सवलतींच्या वर्गवारीने एकूण रकमा असतात, कोणत्या कंपनीला किती सुटले आणि तिने त्याचे काय केले ते नसते. इस्ताव्याच्या कौलात कुळाचे नाव, त्याची जमीन आणि प्रत्येक सालचा आकार लिहिलेला असे, आणि तो लिहिणारा कारकून बोरूने लिहीत असे.